शेरेबाईंचा रकाना

आमच्या कंपनीच्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवर एकेचाळीस प्रश्न असायचे आणि सगळ्यात शेवटी एक रकाना असायचा, 'शेरा, असल्यास'. जागा दोन ओळींची. बाकीचे सर्वेक्षक तिथं काही लिहीत नसत, किंवा 'घर बंद', 'कुत्रा आहे' एवढं खरडून मोकळे होत. ही एक बाई मात्र दोन ओळी भरून समासात शिरायची, समास संपला की बाण काढून 'मागे पाहा' लिहायची आणि फॉर्मची कोरी पाठ भरून टाकायची.

जुन्या साहेबांनी एकदा वैतागून विचारलं होतं, "बाई, तुम्हाला प्रश्न विचारायला पाठवतो की शेरेबाजी करायला?" शिपायानं ते ऐकलं, आणि दुपारच्या चहापर्यंत त्यांचं नाव शेरेबाई पडलं. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "बरं आहे की. माझं खरं नाव कुणाला धड लिहिता येत नव्हतं."

मी त्याच ऑफिसात टायपिस्ट. चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आमची एक लांबट खोली होती. खिडकीशी साहेब, भिंतीशी कपाटं आणि मधे मी. माणसं कुठला साबण घेतात, दात कशानं घासतात, मत कुणाला देणार, असल्या प्रश्नांची उत्तरं फॉर्मवरून कॉम्प्युटरमध्ये चढवायची हे माझं काम. उत्तरं म्हणजे नुसते आकडे. 'हो' म्हणजे एक, 'नाही' म्हणजे दोन, 'सांगता येत नाही' म्हणजे नऊ. दिवसभर एक, दोन, नऊ, एक, दोन, नऊ करून डोळे पांढरे व्हायचे. मग शेरेबाईंचा गठ्ठा यायचा आणि मी खुर्ची पुढे ओढून बसायचे.

'रोज दोनदा दात घासतो म्हणाले. ब्रश ठणठणीत कोरडा. दांड्याला कोळ्यानं जाळं केलंय.'

'घरात फळंच खातो म्हणाल्या. टोपलीतलं सफरचंद बघितलं. मेणाचं आहे.'

'आपण फक्त बातम्या बघतो, मालिका बायको बघते, असं गृहस्थ म्हणाले. मी उठले तेव्हा त्यांनीच आत हाक मारली, अगं, ती तुरुंगातून सुटली का?'

शेरे कॉम्प्युटरमध्ये भरायची काही गरज नव्हती. त्याचे टक्के निघत नसत. पण भरू नको असंही मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी अक्षर न् अक्षर भरत होते. पुढचं रामायण त्यातून झालं, म्हणून हे आधी कबूल करते.

शेरेबाई तेव्हा बावन्नच्या. अंगानं लहानशा, हातात पुरुषी मोठी छत्री, पायात रबरी तळव्याचे बूट आणि पर्समध्ये तीन पेनं. 'एक संपतं, एक लोक ठेवून घेतात, एक लिहितं,' असा हिशेब. पूर्वी त्या टेलिफोनच्या तक्रार खिडकीवर होत्या. अठरा वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकली. 'फोन बंद आहे' म्हणून तणतणत आलेला माणूस बऱ्याचदा जावयाशी भांडून आलेला असतो, हे त्यांना तिथं कळलं. ती खिडकी बंद झाली आणि त्या आमच्याकडे आल्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरी तो फार बोलत नसे. "दिवसभर माणसं अडकून आरडाओरडा करतात ना त्याच्यापुढं," त्या सांगायच्या, "म्हणून घरी त्याला शांतता लागते. मी तरी कुणाला सांगणार? मग फॉर्मात लिहिते."

पण त्यांचे दोन नियम होते. माणसाच्या आजारपणावर आणि गरिबीवर शेरा लिहायचा नाही. आणि फॉर्मात लिहिलेलं तोंडानं कुणाला सांगायचं नाही. मी एकदा हसत हसत विचारलं, "ताई, ते मेणाचं सफरचंद कुणाकडचं हो?" तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं टाइप करायला लागले. "लिहिलं ते कामाचं," त्या म्हणाल्या. "बोलले तर चहाडी."

जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. हे तरुण, शिकलेले आणि बोलतील ते टक्क्यांत. "आज माझं डोकं तीस टक्के दुखतंय," असं म्हणायचे. चहा आला की एक घोट घेऊन "साखर दहा टक्के जास्त". शिपायाला आणखी काय हवं होतं? तो त्यांना टक्केसाहेब म्हणू लागला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना माणसं एकेकटी दिसत नसत, हजारांनीच दिसत.

त्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक होती. आमच्या शहराचे नगराध्यक्ष पूर्वी बांधकामाची कंत्राटं घ्यायचे, म्हणून सगळे त्यांना कंत्राटदारच म्हणायचे. ते पुन्हा उभे होते आणि लोकांचं मन जाणून घ्यायला त्यांनी आमच्याकडे सर्वेक्षण दिलं. नदीपलीकडचा भाग शेरेबाईंच्या वाट्याला आला.

काम कसं करायचं ते ठरलेलं असतं. कोपऱ्यावरून उजव्या हाताला वळायचं आणि दर सातवं घर घ्यायचं. घरातही समोर येईल त्याला विचारायचं नाही. ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आलाय त्यालाच विचारायचं. त्यामुळं घरातला हुशार माणूस जय्यत तयारीनं पुढं येऊन बसायचा आणि प्रश्न जायचे कानानं अधू असलेल्या आजोबांना. आपल्या मनानं घर बदलायचं नाही, माणूस बदलायचा नाही. आणि नातेवाइकांना विचारायचं नाही, हाही नियम होता.

तिसऱ्या दिवशी शेरेबाई सात घरं मोजत गेल्या आणि सातवं दार निघालं त्यांच्या सख्ख्या नणंदेचं.

त्यांनी रस्त्यावरूनच ऑफिसात फोन केला. टक्केसाहेबांनी सांगितलं, दुसऱ्या सर्वेक्षकाचा पाय मुरगळलाय, घर सोडलं तर नमुना बिघडेल, विचारून मोकळ्या व्हा. "साहेब, ती माझी नणंद आहे," शेरेबाई म्हणाल्या. साहेब म्हणाले, "हजारात एक नणंद म्हणजे शून्य पूर्णांक एक टक्का. काही फरक पडत नाही."

साहेबांचं लग्न झालेलं नव्हतं.

आठवड्यानं फॉर्म आले. आकडे बघून टक्केसाहेब खूश झाले. बासष्ट टक्के लोक नगराध्यक्षांवर समाधानी! मी मात्र शेरे वाचत होते आणि मला ते बासष्ट काही दिसत नव्हते.

'समाधानी आहे म्हणाले. म्हणताना खिडकी लावून घेतली. समोर पाइपासाठी खणलेला चर आठ महिने उघडा आहे, वास येतो.'

'आजींनी आधी विचारलं, तुम्ही त्यांच्याकडच्या का? नाही म्हटल्यावर उत्तर खोडायला लावलं. मग घाबरून परत पहिलंच लिहायला लावलं.'

'यांनाच मत देणार म्हणाले. यांनी वाटलेल्या कापडी पिशवीनं सायकलची साखळी पुसत होते.'

'न्हावी. समाधानी म्हणाला, पण असा हसला की खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं गळ्यावरचा वस्तरा हातानं बाजूला केला.'

आणि एक असा होता: 'बाई म्हणाल्या, घरातले सगळे निर्णय मी आणि मिस्टर मिळून घेतो. मिस्टर तेव्हा विचारून बाल्कनीत गेले होते.' ही नणंद.

अहवाल द्यायच्या दिवशी टक्केसाहेब म्हणाले, "मागे सगळी उत्तरं परिशिष्ट म्हणून जोडा. फक्त शेवटचे दोन रकाने काढून टाका." शेवटचे दोन म्हणजे पत्ता आणि शेरा. मी शेवटचे दोन काढले. पण त्याच सकाळी मी त्यांच्या पुढं तारीख आणि सर्वेक्षकाचा नंबर असे आणखी दोन रकाने वाढवले होते. ते गेले. पत्ता आणि शेरा जिथल्या तिथं राहिले. टक्केसाहेबांनी पहिलं रंगीत पान बघितलं, सही केली आणि अहवाल कंत्राटदारांच्या प्रचार कचेरीत गेला.

कंत्राटदारांनीही रंगीत पानच बघितलं. परिशिष्ट वाचलं त्यांच्या बायकोनं. या बाई घरातलं औषधाचं माहितीपत्रकसुद्धा शेवटपर्यंत वाचतात, असं नंतर कळलं. त्या वाचता वाचता खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या. त्यांनी ते कार्यकर्त्यांपुढं मोठ्यानं वाचलं. कार्यकर्ते पोट धरून हसले, आणि हसून झाल्यावर प्रत्येकानं आपापल्या गल्लीची पानं हळूच काढून घेतली.

दोन दिवसांनी नदीपलीकडं दारं वाजायला लागली. "काय काका, आमच्या पिशवीनं साखळी पुसता म्हणे?"

ऑफिसात पहिला फोन आला तो नणंदेचा. मीच उचलला.

"वहिनी आहे का तिथं?"

शेरेबाईंनी फोन घेतला. पलीकडचा आवाज एवढा चढा होता की मला जागेवर बसून सगळं ऐकू येत होतं.

"विचारून बाल्कनीत गेले होते? विचारून? अगं, ते वाळत घातलेले कपडे काढायला गेले होते!"

"वन्सं, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? दारात चार माणसं उभी! त्यातला एक यांना म्हणतो, साहेब, मत द्यायला तरी बाहेर सोडतात ना? आणि हे हसले! माझ्यासमोर हसले!"

फोन आपटल्याचा आवाज आला. शेरेबाईंनी रिसीव्हर सावकाश खाली ठेवला आणि माझ्या टेबलाशी आल्या. मी कॉम्प्युटरवर रकाने उघडूनच बसले होते आणि काय झालंय ते मला लख्ख दिसत होतं. मी सांगून टाकलं. त्या ओरडतील, असं मला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शेरे असलेली घरं किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे चौदा."

"उद्या चांगले बूट घालून ये."

टक्केसाहेबांना हा प्रकार कळला तेव्हा त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच एकही आकडा निघाला नाही. शेरेबाईंनी त्यांना एवढंच सांगितलं, "मी आणि ही बाहेर चाललोय. माफी मागायला. आमची रजा धरा किंवा काम धरा." साहेबांनी काम धरलं. त्याबद्दल मी त्यांना मानते.

मी जन्मात कुणाचं दार वाजवलं नव्हतं. शेरेबाईंनी वाटेत समजावलं. वाजवून दोन पावलं मागं सरायचं. हात दिसतील असे ठेवायचे. आधी चूक सांगायची, मग नाव. "नाव आधी सांगितलं तर दार लागतं, चूक राहून जाते."

पहिलं दार सुताराचं. त्यानं ते उघडून आम्हाला पाहिलं आणि लावलं. शेरेबाईंनी खाली वाकून पत्रपेटीच्या फटीतून सगळी माफी मागितली. आतून रंधा मारल्याचा आवाज येत राहिला. माफी संपली तसा रंधा थांबला. "पिशवी बरी होती," आतून सुतार म्हणाला. "साखळीला चांगली." आणि परत रंधा सुरू.

आजींनी आम्हाला आत घेतलं, बसवलं आणि म्हणाल्या, "मी घाबरून बदललं असं लिहिलंस? वाच बघू." शेरेबाईंनी बरोबर आणलेला मूळ फॉर्म काढून वाचून दाखवला. "घाबरून नाही. सून दारात उभी होती म्हणून. घाल खरं काय ते."

"आजी, आता लिहायचंच नाहीये. आम्ही खोडायला आलोय."

"खोडायचंय तर खोड. पण आधी बरोबर कर, मग खोड."

शेरेबाईंनी बरोबर केलं, आजींना दाखवलं आणि खोडलं.

न्हाव्याकडं गेलो तर त्यानं शेऱ्याचं पान आरशाच्या चौकटीत खोचलं होतं. कार्यकर्ता दम द्यायला आला होता, त्याच्याच हातून त्यानं ते घेतलं म्हणे. "गिऱ्हाइकं वाचतात आणि गळा सांभाळून बसतात," तो म्हणाला. "हलत नाहीत. काम लवकर होतं." तो पान द्यायलाच तयार होईना. शेवटी मी हात जोडले तेव्हा दिलं.

सगळीकडं असं हसण्यावारी गेलं नाही. एका घरी वाचता वाचताच नवराबायकोचं जुंपलं आणि आम्ही भिंतीच्या कडेनं बाहेर पडलो. आणखी दोघांनी आम्हालाच शिव्या दिल्या. एका बाईनं काही न बोलता आमच्या तोंडावर दार लावलं. ते दार अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणीपुरवठ्याच्या कारकुनाचं घर आलं. त्याचा शेरा असा होता: 'नगराध्यक्षांचंच काम चांगलं, म्हणाले. तोंड म्हणालं, मान नाही म्हणाली.' तो नगरपालिकेचाच नोकर. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काल माझी बदली झाली. टेकडीवरच्या पंपावर. तिथं बस जात नाही." आवाजात राग नव्हता. "तुम्ही लिहिलं ते बरोबर होतं बाई. मान मीच हलवली."

बाहेर आल्यावर शेरेबाई रस्त्याच्या कडेला छत्री टेकून उभ्या राहिल्या. मग उरलेली यादी माझ्या हातात दिली. "ही घरं तू कर."

"एकटी? आणि तुम्ही?"

"मी एक घर यादीबाहेरचं करते."

मी काही एकटीनं घरं केली नाहीत. त्यांच्या मागोमाग गेले. कंत्राटदारांच्या बंगल्याच्या फाटकावर रखवालदारानं विचारलं, कोण? शेरेबाईंनी सांगितलं, "शेरेवाली." तो आत जाऊन आला आणि धावतच फाटक उघडलं. कंत्राटदारांच्या बायकोनं दारातच शेरेबाईंचे दोन्ही हात धरले. "तुम्हीच का त्या? अहो, वस्तऱ्याचं वाचून मी..." आणि परत हसायला लागल्या.

शेरेबाई हसल्या नाहीत. "मला माझी पानं परत हवीत. सगळी. आणि एका माणसाची बदली रद्द करून हवी."

कंत्राटदार आतून आले. आडव्या बांध्याचे, चेहऱ्यावर निवडणुकीचा थकवा. कारकुनाचं ऐकून म्हणाले, "बदली? मी नाही केली."

"तुमच्या माणसानं केली," बायको म्हणाली. "तुम्हाला खूश करायला. तेही आहे बहुतेक शेऱ्यात कुठंतरी."

"हे बघा बाई," कंत्राटदार शेरेबाईंना म्हणाले, "तुमच्या साहेबांचे आकडे म्हणतात मी बासष्ट टक्क्यांनी जिंकतोय. ही बायको म्हणते शेरे वाचा, हरताय. खरं काय धरू?"

"ते मला ठाऊक नाही. मी दारात वीस मिनिटं बसते. लोक माझ्याशी चांगलं वागायला म्हणून चांगलं बोलतात. तुमच्याशी तर बोलतीलच. तो चर मात्र खरा आहे. जाऊन उभे राहा आणि श्वास घ्या."

मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतात. पण कंत्राटदारांनी बायकोकडं पाहिलं, बायकोनं त्यांच्याकडं. त्या पाहण्यावर शेरा लिहायचा झाला असता तर दोन पानं पुरली नसती. "पानं मी गोळा करवते," बायको म्हणाली. "आणि बदलीचं हे आत्ता फोन करतील." त्यांनी तिथल्या तिथं केला. आम्ही उभ्या असताना.

संध्याकाळपर्यंत पानं ऑफिसात आली. शेरेबाईंनी त्यांच्या बारीक बारीक चिंध्या केल्या. शिपायानं मदत केली आणि करता करता जितकं वाचता येईल तितकं वाचलं.

उरलेली घरं आम्ही पुढच्या दिवसांत केली. नणंदेचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बरोबर मलाही नेलं. "तू असलीस तर ती जरा कमी बोलेल." ती काही कमी बोलली नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका बशीपासून सुरुवात झाली. मी सोफ्याच्या टोकावर अंग चोरून बसले होते. नणंदेचा नवरा चहा घेऊन आला, ठेवला आणि उभाच राहिला.

"बसा की," नणंद त्याला म्हणाली.

तो बसला. मग घसा साफ करून म्हणाला, "मी विचारूनच गेलो होतो."

नणंदेनं उचललेला कप परत बशीत ठेवला.

"काय?"

"बाल्कनीत. विचारून गेलो होतो. कपडे नंतर काढले." आणि घाईघाईनं पुढं, "मला चालतं तसं. पण उगाच वहिनींना बोल नको लावू."

नणंदेनं त्याच्याकडं पाहिलं, शेरेबाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं, जणू मी पंच होते. शेवटी म्हणाली, "बरं. मग यापुढं विचारत जाऊ नका."

"बरं, नाही विचारणार," तो म्हणाला. "आत्ता जाऊ का?"

शेरेबाईंना इतकं हसू आलं की चहा नाकातून आला. नणंद पाठ थोपटायला उठली, आणि पाठीवरून हात फिरवता फिरवता तीही हसायला लागली. दोघी डोळे पुसत कितीतरी वेळ बसल्या होत्या. नवरा बाल्कनीत गेला तो आम्ही निघेपर्यंत आलाच नाही.

चर चार दिवसांत बुजवला. कंत्राटदार स्वतः नदीपलीकडं पायी फिरले, आणि त्यांनी पिशव्या वाटल्या नाहीत. निकाल लागला. ते दोनशे अकरा मतांनी निवडून आले. बासष्ट टक्के नाहीत, एक्कावन्नसुद्धा धड नाहीत, पण आले. टक्केसाहेब पेपर घेऊन शेरेबाईंकडं गेले. "बघा, जिंकले की नाही? तुमच्या शेऱ्यांप्रमाणं हरायला हवे होते."

"हो," शेरेबाई म्हणाल्या. "पण साहेब, त्यांनी नुसत्या तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवला असता तर चर तसाच राहिला असता." साहेबांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "यात पन्नास टक्के तरी तथ्य आहे." त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ.

पुढच्या महिन्यात शेरेबाईंनी एक अर्ज दिला. अर्जात लिहिलं होतं, फॉर्मवरचा शेरा हा रकाना बंद करावा. मी तो वाचून थक्क झाले. "ताई, तुमचा रकाना?"

"मी लिहीत होते कारण मला वाटायचं, तुझ्याशिवाय कुणी वाचत नाही," त्या म्हणाल्या. "तू ते अक्षर न् अक्षर भरून ठेवतेस, हे कळलं नव्हतं."

रकाना गेला. दुपारी मला कंटाळा यायला लागला. म्हणून साहेबांना विचारून मी आठवड्यातले दोन दिवस शेरेबाईंबरोबर बाहेर जाऊ लागले. तेव्हा पाहिलं की त्यांनी नवीनच सुरू केलंय. पूर्वी लिहायच्या ते आता त्या माणसालाच तोंडावर विचारायच्या. अगदी सहज, लेखणी वर धरून. एका दारी एक धिप्पाड गृहस्थ सांगत होते, व्यायाम रोज एक तास. शेरेबाईंनी कोपऱ्यातल्या व्यायामाच्या सायकलीकडं पाहिलं. तिच्यावर सात शर्ट आणि एक ओला टॉवेल होता.

"सायकलीवर?" त्यांनी विचारलं.

गृहस्थांनीही तिकडं पाहिलं. "हो."

"शर्ट काढून की शर्टांसकट?"

मला वाटलं, आता दार बंद. गृहस्थ दोन क्षण लाल झाले. मग गदगदून हसले आणि म्हणाले, "नाही हो. वर्षभर बसलो नाही. लिहा, अजिबात नाही." आणि त्यानंतरच्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी अशी खरी उत्तरं दिली की मला लिहिता लिहिता लाज वाटली. काही लोक चिडायचे, अर्धा फॉर्म झाला असताना आम्हाला बाहेर काढायचे. अशा दिवशी शेरेबाई मला कोपऱ्यावरच्या बाकावर बसवून पाणी प्यायला लावायच्या. मग उठून पुन्हा घरं मोजायच्या, एक, दोन, तीन, आणि सातव्या दाराशी म्हणायच्या, "वाजव. आता तुझी पाळी."